पेवात ऐकलेले घोडे

लढायांची ती जुनी मालिका पुढं केबलवर परत लागली, तेव्हा खोट्या दाढ्या बघून नवरा खदाखदा हसला. हसा बाबा! मी उठून आवाज बंद केला. घोड्यांच्या टापा मला आजही ऐकवत न्हाईत.

शाळेत इतिहास झालेला-गेलेला असायचा. टीव्हीवर मात्र तो दर रविवारी सकाळी आत्ता घडत असायचा. नव्वदच्या दशकात वसमतजवळच्या आमच्या गावात टीव्ही आमच्याच ओसरीत होता. एका रविवारी स्वारांनी गाव जाळलं, आणि आता आपलीच पाळी, असं मी सात वर्षांची पोरगी धरून बसले.

पुढच्या रविवारी मी टीव्हीकडं फिरकलेच न्हाई. परसात वडलांची म्हातारी आत्या तूर पाखडत होती, तिला चिकटून बसले. तिला धड दिसत नव्हतं, पण कान तिखट. ओसरीतून टापा आल्या, बायांच्या किंकाळ्या आल्या. आत्यानं सूप फेकलं.

"आले मुडदे! ऊठ गं!"

टीव्ही हाय, असं मी म्हणायला पाहिजे होतं ना? मलाही खरंच वाटलं! परसात पेव होतं, जमिनीतलं ज्वारीचं कोठार. अर्धं बुजलेलं, तरी माझ्या डोक्याहून खोल. तिनं मला त्यात सोडलं. "हू की चू करू नको," म्हणाली, वर पत्रा ओढला आणि त्यावर बसली.

आत कुबट वास नाकात चढला. टापा वाजत होत्या. मधेच साबणाची जाहिरात लागली आणि मी जास्तच भ्याले. घोडे थांबले की काय?

मग आईचा आवाज. "आत्या, पोरगी कुठंय?"

"आमच्या घरात पोरगी न्हाई."

"काहून असं बोलून राहिल्या?"

ओरडले तर ते येतील, म्हणून मी मूठ तोंडात कोंबली. श्वास पुरेना.

आत्या कशावर बसलीय ते वडलांना दिसलं. त्यांनी तिला बाजूला लोटलं, पत्रा उपटला, मला वर ओढलं. "मेली असती की पोरगी!" ते आत्यावर ओरडले.

आत्या ऐकतच नव्हती. निजामाच्या वेळच्या पळापळीत तिनं आपल्या धाकट्या भावाला ह्याच पेवात लपवलं होतं, हे मला नंतर कळलं. तिनं माझ्या छातीला कान लावला, बराच वेळ तसाच ठेवला. मग वडलांकडं बघून हसली.

"बघ रे. ह्या बारीला लेकरू जितं निघालं."