कुशीनगरच्या अलीकडे थांबलेले भन्ते

यात्रेचे ठरले ते एका पत्राने. ऐंशीच्या दशकाचा आरंभ होता. त्याच्या काही वर्षे आधी कळंब तालुक्यातल्या आमच्या गावी विहारात बुद्धमूर्ती बसवली, तेव्हा त्या समारंभाला थायलंडहून भन्ते खेमिय नावाचे एक वृद्ध भिक्खू आले होते. त्यांना मराठी वा हिंदी येत नव्हती, आणि मला थाई. परंतु शाळेत शिकवता शिकवता मी कितीतरी वर्षे एकट्याने पाली आणि संस्कृत ग्रंथ वाचीत आलो होतो. पहिल्या संध्याकाळी भीत भीत मी त्यांना पालीत विचारले, प्रवास सुखाचा झाला ना? ते त्याच भाषेत बोलू लागले. उच्चार निराळे, तरी वाक्य कळत होते. ज्या भाषेत मी आजवर केवळ भिंतीशी बोललो होतो, तिच्यात मला प्रथमच कोणी उत्तर दिले. तीन दिवसांनी ते गेले. शाळा, गाव, घर सगळे पूर्वीसारखेच राहिले. बोलायला मात्र कोणी उरले नाही.

पुढे त्यांची पालीतली पत्रे येऊ लागली. एका पत्रात त्यांनी लिहिले की, तथागतांचा जन्म, संबोधी, पहिला उपदेश आणि महापरिनिर्वाण यांची चार स्थळे आपण अजून पाहिलेली नाहीत. वय सत्तरीपुढे गेले आहे. तुम्ही बरोबर असाल तर वैशाखात येतो. खाली एक साधा प्रश्न होता. भारताच्या पर्यटक व्हिसाच्या अर्जात 'प्रवेश एकदा की अनेकदा' असे विचारतात. तिथे काय लिहावे?

ते पत्र मी विहारात सर्वांना मराठीत वाचून दाखवले आणि तिथेच उत्तरही सांगून टाकले: एकदा. लुंबिनी नेपाळात आहे हे मला ठाऊक नव्हते असे नाही. भूगोल तर मी शिकवीतच होतो. परंतु आपल्या माणसांना तिकडे जाताना पारपत्र लागत नाही, आणि ग्रंथांत लुंबिनीच्या शाक्यांच्या नि कुशीनगरच्या मल्लांच्या भूमींच्या मध्ये कुठे चौकी आढळत नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो सगळा एकच प्रदेश होता. सहकारी सोसायटीच्या कचेरीत टाइपरायटर होता. त्यावर निमंत्रणाचे पत्र करून घेतले, त्यातही तेच लिहिले, आणि पाकीट टपालात टाकले.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही अकरा जण निघालो. येरमाळ्यावरून बार्शीला जाणाऱ्या एस.टी.त माझ्या शेजारी कौसाबाई बसल्या होत्या. साठीच्या, विधवा, मजुरी करून राहणाऱ्या. खिडकीतून रस्त्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "गुरुजी, ह्या रस्त्याची खडी म्या फोडलीया, बहात्तरच्या दुष्काळात. तवा वाटलं हुतं, हा रस्ता जातुय तरी कुठं? आज कळलं, बुद्धाच्या गावाला जातुय."

बार्शीहून छोट्या गाडीने कुर्डुवाडी, तेथून दौंड आणि मनमाडला गाड्या बदलीत काशी. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा एवढी शिदोरी तिसऱ्या दिवसापर्यंत टिकली. भाकरी फडक्यात सैल बांधावी, घट्ट बांधली की दुसऱ्या दिवशीच वास धरते, हे ज्ञान कौसाबाईंचे. राहणे धर्मशाळांत आणि विहारांत होते, त्यामुळे खर्च मुख्यतः गाडीभाड्याचाच झाला.

भन्ते कलकत्त्याला उतरून, बुद्धगया पाहून सारनाथला येऊन थांबले होते. मला पाहताच त्यांनी पालीतच विचारले, "आचार्य, कृश झालात काय?" मी हसलो. त्या दोन दिवसांत आम्ही स्तूपाभोवती किती फेऱ्या घातल्या याची गणती नाही. एका शब्दाच्या अर्थावरून आमचा वाद झाला आणि तो मिटला नाही. इतका आनंदाचा वाद माझ्या आयुष्यात दुसरा झाला नाही.

पुढचा मुक्काम गोरखपूर. येथे येणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. या स्थानकावरून दोन वाटा फुटतात: पूर्वेला कुशीनगर, अवघ्या दोनएक तासांवर, आणि उत्तरेला सोनौलीची सीमा नि तिच्यापलीकडे लुंबिनी. आम्ही पोचलो तेव्हा कुशीनगरकडे जाणारी बस उभीच होती, निम्मी रिकामी. वाहक हाका मारीत होता.

कौसाबाई बोचके उचलून म्हणाल्या, "चला की गुरुजी, हीच गाडी धरू. जवळचं आधी बघू, लांबचं मागून."

मी म्हणालो, "कौसाबाई, आधी निर्वाण आणि मग जन्म? असा उलटा क्रम कसा चालेल?"

"गयेला आधी जाऊन आलंच की भन्ते! तवा न्हाय उलटं झालं?"

"ते निराळे. अंतिम स्थळ अंतीच पाहावे."

"बरं बाबा. पुस्तक तुमच्याजवळ हाय."

भन्त्यांना मी दोन्ही मते सांगितली. त्यांनी हात जोडून 'आपण म्हणाल तसे' अशी खूण केली. बस आमच्यासमोरून निघून गेली.

सोनौलीला कमानीच्या अलीकडे आपली चौकी आहे. आम्ही अकरा जण नुसते चालत पलीकडे गेलो. भन्त्यांच्या पारपत्रावर बाहेर पडल्याचा शिक्का बसला आणि पलीकडच्या टेबलावर नेपाळचा परवाना लगेच मिळाला. हे सगळे इतके सहज झाले की मला काही वेगळे वाटले नाही. सीमेपलीकडच्या भैरहव्याहून लुंबिनीची बस खडखडत गेली. वैशाखी पौर्णिमेला अशोकाच्या स्तंभाजवळ मी ब्राह्मी लेख एकेक अक्षर लावून वाचला आणि भन्ते माझ्यामागून म्हणत गेले. पुष्करिणीच्या काठी पिंपळाखाली ते बराच वेळ बसले. उठताना म्हणाले, "तीन झाली. एक राहिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी परत सोनौली.

अधिकाऱ्याने पारपत्र चाळले, मागची पाने पाहिली, पुन्हा पुढच्या पानांवर आला. माणूस सौजन्याचा होता. त्याने शिक्क्यावर बोट ठेवून सांगितले की, हा व्हिसा एका प्रवेशाचा होता आणि तो कलकत्त्यालाच वापरला गेला. आता भारतात यायचे तर काठमांडूच्या दूतावासातून नवा व्हिसा आणावा लागेल. त्याला काही दिवस लागतात. भन्त्यांचे परतीचे विमान चौथ्या दिवशी होते. आमची गोरखपूरहून परतीची आरक्षणे झालेली होती आणि दहा माणसे माझ्या भरवशावर आली होती.

मी विनवणी केली. कुशीनगर पाहून हे याच वाटेने परत येतील, असे म्हणालो. तो म्हणाला, "मास्टरजी, मेरे हाथ में होता तो मैं खुद छोड़ आता." मग, कदाचित केवळ कुतूहलाने, त्याने विचारले, "इनसे पूछिए, इन्हें किसने बताया था कि एक बार का काफ़ी है?"

त्या खोलीत पाली येणारा मी एकटाच होतो. तो प्रश्न मलाच भाषांतरित करायचा होता.

मी केला. शब्द न शब्द, विभक्तीसुद्धा न चुकता. "ते विचारतात, एक प्रवेश पुरेसा आहे असे आपणास कोणी सांगितले?"

भन्त्यांनी माझ्याकडे पाहिले. असत्य ते बोलणार नव्हते, शील होते. सत्य बोलले असते तर ते माझ्यावर आले असते. त्यांनी दृष्टी खाली वळवली आणि ते मौन राहिले.

"क्या बोले?" अधिकारी म्हणाला.

"कुछ नहीं बोले," मी म्हणालो.

दाराशी कौसाबाई उभ्या होत्या. विहारात ते पत्र वाचले तेव्हा त्या पुढच्याच रांगेत बसलेल्या होत्या.

भन्त्यांनी काठमांडूला जाऊन तेथूनच मायदेशी परतावे असे ठरले. काठमांडूच्या बसपाशी त्यांनी झोळीतून एक घडी केलेले काषाय वस्त्र काढून माझ्या हाती दिले. कुशीनगरच्या शयनमूर्तीवर चीवर पांघरण्याची रीत आहे, त्यासाठी त्यांनी ते स्वतः शिवून आणले होते. भिक्खू माध्यान्हीनंतर जेवत नाहीत; दुपार व्हायची होती, म्हणून कौसाबाईंनी उरलेली केळी आणि लाह्या त्यांच्या पात्रात वाढल्या आणि जमिनीवर डोके टेकले. मला निरोपाचे वाक्य पालीत जुळवता आले नाही. बस धुरळा उडवीत गेली.

सोनौलीहून गोरखपूरला परतताना गाडीत कौसाबाई माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "त्ये गप बसलं, त्येंचं मला कळलं. तुमाला तर बोलता येत हुतं की, गुरुजी."

मी खिडकीबाहेर पाहिले. उन्हात भाजलेली शेते होती आणि आंब्याच्या राया.

कुशीनगरला मूर्तीवर ते चीवर मी पांघरले. तिथल्या सेवकाने कोणाच्या नावे म्हणून विचारले, मी भन्त्यांचे नाव सांगितले. तासाभरात आम्ही निघालो. गाडी गाठायची होती.

गावी आल्यावर मी भन्त्यांना लिहिले. अपराध कबूल केला, क्षमा मागितली, चार पाने. दोन महिन्यांनी उत्तर आले. त्यात क्षमेचा उल्लेख नव्हता, व्हिसाचाही नव्हता. एवढेच होते: "आचार्य, तिथे काय पाहिलेत ते सांगा. मंदिरात प्रकाश कोठून येतो? मुख कोणीकडे आहे? शालवृक्षांना पाने होती काय?"

मी लेखणी घेऊन बसलो आणि मला काहीच सांगता येईना. त्या तासाभरात मी काही पाहिलेच नव्हते. चौकीतले ते टेबल तेवढे दिसत होते.

पुढच्या वैशाखात मी एकटाच निघालो. तीच एस.टी., तीच छोटी गाडी, या वेळी शेजारी कोणी नाही. गोरखपूरला पूर्वेकडची बस धरली. कुशीनगरला तीन दिवस राहिलो. सकाळी सत्तू आणि गूळ, सायंकाळी खिचडी. वही घेऊन बसे. उजव्या कुशीवर, उत्तरेला मस्तक, पश्चिमेला मुख. सकाळी मुख सावलीत असते. उन्हे कलू लागली की दारातून प्रकाश येतो आणि आधी पायांवर, मग हळूहळू वर चढत जातो. शालवृक्षांना कोवळी पाने होती. मूर्तीची लांबी मी पावलांनी मोजली. हे सगळे पालीत लिहून काढले, एक प्रत ठेवून पत्र धाडले.

उत्तर आले नाही. पुन्हा लिहिले, त्याचेही नाही. भन्त्यांपर्यंत ते पोचले की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. पालीत मी त्यानंतर कोणाशी बोललो नाही.

या वाटेने जाणाऱ्यांना, विशेषतः ज्यांच्यासोबत परदेशी पाहुणा आहे त्यांना, माझे सांगणे एवढेच. किती देश पाहायचे ते मोजू नका, परत आत किती वेळा यायचे ते मोजा, आणि तितक्या प्रवेशांचा व्हिसा मागा. नियम आता बदललेले असतील. दूतावासात विचारूनच अर्ज भरा. आणि गोरखपूरला कुशीनगरची बस उभी दिसली, तर क्रमाचा विचार न करता तीत बसा.

त्या पत्राची प्रत माझ्यापाशी आहे. दर वैशाखी पौर्णिमेला विहारात वंदना झाली, लोक पांगले, की मी ती मोठ्याने वाचतो. कौसाबाई होत्या तोवर त्या एकट्या मागे थांबत, भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत. एकदा मी त्यांना विचारले, "कौसाबाई, यातले काही कळते का?"

"एक अक्षर न्हाय," त्या म्हणाल्या. "पर तुमी बोलताय न्हवं आता. वाचा."