शेऱ्याच्या रकान्यात न मावलेले तात्या

आमच्या कॉलेजच्या भेट अहवालात 'शेरा' नावाचा एक रकाना असतो. जेमतेम दोन बोटं रुंद. त्यात 'समाधानकारक' हा शब्द बसतो आणि संपतो. मग बाकीचं जे घडलेलं असतं ते कुठं जाणार? ते माझ्या डोक्यात साठतं. शेतीच्या कॉलेजातली शेवटच्या वर्षाची मुलं चार महिने गोठ्यावर, रोपवाटिकेत, फवारणीच्या औषधांच्या दुकानात कामाला लावायची, ही माझी नोकरी. बारामती ते इंदापूर दर दोन दिवसांनी मोटारसायकल, आणि खिशातला फोन कायम थरथरत. मला एका जागी चहासुद्धा बसून पिता येत नाही. बायको म्हणते, "तुम्ही शिक्षक नाही, तुम्ही पोस्टमन झालात." पोस्टमनला निदान पाकिटात काय आहे ते माहीत नसतं. माझ्या डोक्यात सगळी पाकिटं उघडी पडलेली असतात!

* * *

यंदाची धाकधूक शेळगावच्या तात्यांपासून सुरू झाली. तात्यांची भाजीपाल्याच्या रोपांची मोठी रोपवाटिका आहे. दरवर्षी ते आमची दोन मुलं घेतात आणि चार महिन्यांत त्यांना असं तयार करतात की पुढं कुठंही नोकरी मागायला गेली तर तात्यांचं नाव पुरतं. पण मुलगी म्हटली की, "नको सर."

मी विचारलं, "का हो तात्या?"

"पोरांना शिव्या देता येत्यात. पोरीम्होरं गप बसावं लागतं. आन मी गप बसलो की माझं बीपी वाढतंय!"

यंदा मी हट्टालाच पेटलो. रुखसार मुलाणी, पळसदेवची, वर्गात पहिली. तिला स्वतःची रोपवाटिका काढायचीय आणि ते काम तात्यांकडं शिकायचंय, दुसरीकडं कुठं नाही. मी तात्यांना शब्द टाकला. तात्यांनी बराच वेळ टोपी काढून डोकं खाजवलं.

"आठ दिस बघतो. न्हाय जमलं तर परत न्यायची. आन परत पोरीचं नाव माझ्याम्होरं काढायचं न्हाय. कवाच."

म्हणजे ही परत आली, की पुढच्या सगळ्या मुलींना ते फाटक बंद. रुखसारला मी हे सांगितलं नसतं, पण ती शेजारीच उभी होती. म्हणाली, "आठ दिवस पुष्कळ झाले सर." तिला पुष्कळ वाटले असतील. मला त्या आठ दिवसांत धड जेवण गेलं नाही.

* * *

रुखसारला सोडल्यावर दुसऱ्या दिवशी मी ओंकारकडं गेलो. ओंकारला बारामतीजवळच्या एका गोठ्यावर ठेवला होता. पोरगं नोंदींचं पक्कं. गेल्या गेल्या त्यानं सगळ्या गाईंच्या कानातल्या बिल्ल्यांवरून वही केली. कोणती गाय किती खाते, किती दूध देते, सगळं नंबरवार!

गोठ्याच्या मालकाची आई सकाळी नुसती "चंद्रे" म्हणायची, की चंद्रा दावणीला येऊन उभी राहायची. ओंकार लांबून ओरडायचा, "एकशे चौदा! ए एकशे चौदा!" गाय हलायची नाही. तो आजीला समजावायला गेला, "आजी, नावात गोंधळ होतो. सायंटिफिक पद्धतीत नंबरच असतो."

आजीनं शांतपणे विचारलं, "तुझा नंबर किती रं कालिजात?"

"सत्तावीस."

"बरं. सत्तावीस, शेण उचल!"

आता सगळा गोठा त्याला सत्तावीस म्हणतो. मी भेटीला गेलो तर मालक आत वळून ओरडले, "सत्तावीस, सर आल्यात!" पोरगं लगेच आलं.

* * *

तिथूनच रुखसारला फोन केला. तिचा दुसरा दिवस होता. "कसं चाललंय?"

"तात्या सारखे कुठंतरी जातात सर."

झालं होतं असं, की कामगारानं ट्रे वाकडा ठेवला, पाण्याचा पाइप निसटला, काहीही झालं की तात्या लालबुंद व्हायचे, ओठ मिटायचे आणि ताडताड शेडनेटच्या मागं जायचे. तिथं मोकळेपणानं शिव्या घालायच्या आणि पुन्हा येऊन सौम्य आवाजात, "जरा सरळ ठिवा बरं का." दिवसातून वीस फेऱ्या! माणूस दमून गेला.

तिसऱ्या दिवशी रुखसारनंच त्यांना गाठलं. "तात्या, हितंच द्या की शिव्या. जाण्यायेण्यात तुमचा लई वेळ जातोय."

कामगार बायका तोंडाला पदर लावून हसल्या म्हणे. तात्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि त्या दिवसापासून जागेवरच सुरुवात केली. बीपीचं काय झालं ते मी विचारलं नाही. पण मनात एक दिवस खोडला.

* * *

इंदापुरात एका औषधांच्या दुकानात पृथ्वीराज होता. या दुकानांत शेतकरी येतो तो खिशात पान घेऊन. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पान काउंटरवर ठेवायचं आणि म्हणायचं, "ह्याला काय मारू?" मग मालक मागं वळून दोन बाटल्या काढणार. वर्षानुवर्षांची पद्धत.

पृथ्वीराजनं पान उलटंसुलटं केलं, भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, "काका, याला काही मारू नका. पाणी कमी करा."

असं एका दिवसात चौघांना! संध्याकाळी मालकांचा फोन. "सर, पोरगं हुशार हाय. पर हुशारी दुकानाभाईर ठिवून येत जा म्हणावं." आणि त्यांनी त्याला उचलून मागच्या गोडाऊनमध्ये पोती मोजायला बसवला.

दोन दिवसांनी पुन्हा फोन. मी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, आता काय?

"सर, लोकं पुढनं येईनात! पान घिऊन गल्लीतनं थेट मागं जात्यात. त्या 'पाणी कमी करा'कडं!"

"मग काय करू म्हणता?"

"काय करताय! तितंबी एक काउंटर टाकतो आता."

* * *

वरून आमच्या ऑफिसला फोटो हवे असतात. विद्यार्थी काम करताना, खाली जागेचं नाव आणि वेळ उमटलेला. वालचंदनगरजवळ एका पॅकिंग शेडमध्ये पेरू निवडायला आमची दोन मुलं आहेत. मी मोबाइल काढला आणि म्हणालो, "चला, काम करतानाचा फोटो."

सगळं काम थांबलं. बायकांनी पदर सारखे केले, मालक घरात जाऊन शर्ट बदलून आले, ड्रायव्हर ट्रकमधून उतरला, शेजारच्या शेतातले दोघं बांधावरून उडी मारून आले. प्रत्येकानं एकेक पेरू हातात धरला आणि कॅमेऱ्याकडं बघितलं. ऑफिसातून शाबासकी आली, "असा उत्साह हवा!" शेऱ्यात मी 'समाधानकारक' लिहिलं.

* * *

आता मुख्य. सातवा दिवस.

आधी बोर्डाचं सांगायला हवं. तात्यांच्या फाटकावर एक जुना बोर्ड आहे. 'बुकिंगच्या तारखेनंतर रोपं मिळणार नाहीत.' कारण साधं आहे. ट्रेमध्ये जास्त दिवस राहिलेलं रोप लांबोडं होतं, शेतात लावलं की नीट धरत नाही. पण बोर्ड कोण वाचतो? कामगार त्यावर टॉवेल वाळत घालतात. कुणी उशिरा आला की तात्या आधी गरजणार आणि मग म्हणणार, "जाऊ द्या, पावणा हाय." या तालुक्यात पाहुणा कोण नाही?

रुखसारनं पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं होतं, "तात्या, हा बोर्ड खरा का?"

"बोर्ड हाय म्हंजी खराच की!" तात्या म्हणाले. बोलून गेले, विसरून गेले. ती विसरली नाही.

सातव्या दिवशी दुपारी तात्या इंदापूरला गेलेले, शेडमध्ये रुखसार एकटीच काम बघत होती. फाटकात पिकअप आली. उतरले ते तात्यांचे व्याही! तात्यांची एकुलती एक लेक दिलीय त्या घरात. टोमॅटोची रोपं बुक केलेली, न्यायला आले बारा दिवस उशिरा.

रुखसारनं एक रोप ट्रेमधून काढलं, तळहातावर आडवं धरलं आणि म्हणाली, "ही न्हाय देता येणार. नवीन रोपं तयार व्हायला पंचवीस दिवस लागतील."

व्याह्यांना आधी हसू आलं. मग ते थांबलं. "पोरी, मी कोण हाय म्हाइत हाय का?"

"व्हय. वहीत नाव हाय. तारीखबी हाय."

"अगं, तात्याची लेक आमच्या घरात नांदतीया!"

"म्हणूनच न्हाय देत," रुखसार म्हणाली. "ही रोपं लागली न्हाईत, तर माहेरच्या रोपांचं बोलणं तुमच्या सुनंलाच ऐकावं लागंल."

हे सगळं तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, ओट्यावरून ऐकलं. व्याह्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. रिकामी पिकअप धुरळा उडवत गेली. व्याह्याला रिकामं परत पाठवलं! आमच्याकडं याच्यावरून पिढ्यान् पिढ्या बोलणं बंद होतं.

तासाभरानं तात्यांचा फोन. आवाज एकदम सपाट. "सर, उद्या सकाळी या."

"तात्या, लहान आहे हो ती, मी समजावतो..."

"फोनवर बोलायचं न्हाय." ठेवला.

सपाट आवाजाचे तात्या मी कधी ऐकले नव्हते. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी खरोखर घाबरलो, आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा जास्त स्वतःच्या शब्दासाठी. मग त्याचीच लाज वाटली. सकाळी निघायच्या आधी मी तीन ठिकाणी फोन करून तिच्यासाठी दुसरी जागा शोधली. दोघं नको म्हणाले, तिसरा म्हणाला बघतो. रस्ताभर मी तात्यांना सांगायची वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक खड्ड्यात एक वाक्य सांडत होतं.

शेळगावला पोचलो. गाडी नीट स्टँडवरसुद्धा लावली नाही. शेडमध्ये रुखसार पाठमोरी, ट्रेंना झारीनं पाणी घालत होती. तिची बॅग कोपऱ्यात भरून ठेवलेली दिसली.

तात्या फाटकापाशी होते. स्टुलावर चढलेले. खाली काकू दोन्ही हातांनी स्टूल धरून उभ्या. बोर्डावरचे टॉवेल कुणीतरी काढून टाकले होते.

"तात्या," मी सुरुवात केली, "कालचं जे झालं..."

"सर, गप ऱ्हावा जरा. हात हालतोय." मग मान न वळवता म्हणाले, "रस्त्याच्या पलीकडं जावा. आन तितनं वाचता येतंय का सांगा."

मी रस्ता ओलांडला. वळून पाहिलं.

'बुकिंगच्या तारखेनंतर रोपं मिळणार नाहीत.'

आणि त्याच्या खाली, ओल्या लाल रंगात: 'व्याह्यांनाही.'