मोडलेल्या शपथेची साक्ष

होटगीजवळच्या त्या गावातली घटना अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, कारण तिची सुरुवात माझ्याच चुकीतून झाली होती.

एकोणीसशे तीसच्या आसपासचे दिवस. शिपायापासून चढत मी फौजदार झालो होतो. तंटा तोडण्यात माझा हातखंडा होता. दोन्ही बाजूंना थोडे थोडे वाकवायचे आणि कागदावर अंगठे घ्यायचे. रेल्वेवरचा एक मुकादम बायकोला मारतो अशी तक्रार आली, तेव्हाही मी तेच केले. खंडोबाच्या देवळात गावासमोर त्याला बेल-भंडारा उचलायला लावला, पुन्हा हात उगारणार नाही अशी शपथ घ्यायला लावली आणि बाईला त्याच्या घरी धाडले. प्रकरण मिटले, असे मी धरून चाललो.

दोन महिन्यांनी तोच मुकादम ठाण्यात आला. बायको चांदीचे तोडे चोरून पळाली, अशी त्याची फिर्याद. तिसऱ्या दिवशी खबर लागली की बाई त्याच देवळाच्या गुरवाकडे आहे. मी दोन शिपाई घेऊन गेलो.

गुरवीण उंबऱ्यात आडवी उभी. "आत यायचं न्हाय, फौजदारसाहेब."

"चोरीचा मामला आहे. बाजूला हो!" मी ओरडलो.

"वरडा की. देव बहिरा न्हाय, आन् मी बी न्हाय."

मी सूर बदलला. "बरं, चार दिवस ठेव. मग मी स्वतः तिला घरी पोचवतो. त्याला चांगला दम देतो."

"मागल्या खेपेला बी तुमीच पोचवली. शपथ त्याला दिली. तिला काय दिलं?"

मी शिपायांना अंगणातच थांबवले. ती बाजूला सरली.

आत भिंतीला टेकून ती बाई बसली होती. डाव्या हाताला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. तोड्यांचे विचारले तर म्हणाली, "त्यांनीच काढून घेतलं. हात मोडल्यावर." मग हळूच विचारले, "आता कुटं नेणार मला?"

मुकादमाला ठाण्यात बसवले. "पायरीवरनं पडली," हे एकच तो घोकत राहिला. घराची झडती घेतली. तोडे त्याच्याच पेटीत निघाले. चोरीची फिर्याद तिथेच मेली. पण मारहाणीला साक्षीदार हवा होता. सगळी आळी एकच बोले: "घरातली भानगड. आमाला काय म्हाईत?" साक्षीदार नाही म्हणजे तो सुटणार, आणि सुटला की बायकोवर हक्क सांगत देवळाच्या दारात उभा राहणार.

शेवटी मान खाली घालून मी गुरवाकडे मदत मागायला गेलो. रविवार होता, खंडोबाचा वार; सारा गाव देवळात जमला होता. आरती झाल्यावर भंडाऱ्याचे ताट हातात धरून तो म्हणाला, "शपथ ह्याच देवापुढं झाली. ती मोडताना ज्यानं बघितलं, त्यानं बोलावं. गप बसला तर शपथ तुमी बी मोडली. तवर आज कुणाच्या कपाळाला भंडारा लागायचा न्हाय."

कोणी हलेना. शिपायांच्या पहाऱ्यात आणलेला मुकादम पुढेच उभा, एकेकाच्या तोंडाकडे बघत. मग बायकांतून त्याची थोरली भावजय पुढे आली.

"म्या बघितलं. मुसळानं मारलं."

"वहिनी!" तो धावला. शिपायांनी त्याला धरले.

"गप रं! त्याच घरात मला बी ऱ्हायचंय. म्हणून इतके दिस गप बसले."

गुरवीण म्हणाली, "न्हाय ऱ्हायचं तर हितं ये की."

मागून दोन शेजारी पुढे झाले. देवळाच्या पायरीवर बसून मी तिघांचे जबाब लिहिले. जबर दुखापतीचा खटला सोलापुरात उभा राहिला आणि मुकादमाला सहा महिने सक्तमजुरी झाली. तपासाची शाबासकी ज्यांना गावही ठाऊक नव्हते त्या साहेबांना मिळाली, आणि बढती त्यांच्या मर्जीतल्याला. तो राग मी पेन्शनीबरोबर घरी आणला आहे.

बाई गुरवाकडेच राहिली. गावाने घरटी ज्वारी दिली, एका धनगराने दोन शेळ्या. सुटल्यावर मुकादम देवळात आला. मीही मुद्दाम गेलो होतो. "बेल-भंडारा परत उचलतो, तिला धाडा," म्हणून तो गुरवाच्या पाया पडला.

देवाधर्माची माणसे मारणाऱ्याला शपथ घालून मोकळी होतात आणि मार खाणारीला सोसायला शिकवतात. मीही त्यांतलाच होतो. गुरवाने मात्र ताट मागे घेतले. "आदी तिला इचार."

"न्हाय," ती म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघू लागले. तडजोड माझ्या जिभेवर आली होती. मी ती गिळली आणि मुकादमाला देवळाबाहेरची वाट दाखवली.