पॅनोरमाचा दुसरा तुकडा

"दादा, माय कोनाकडं पाहून राहिली?"

सुजाताताईनं स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं. इतकं खपून तिला तिच्या आईचा चेहरा काढून दिला होता. ती खूश होईल, निदान वा तरी म्हणेल असं वाटलं होतं. हे कुठलं खुसपट!

साकोलीत माझा स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो आणि जुन्या निगेटिव्ह स्कॅन करणं. सुजाताताई जवाहरनगरला फॅक्टरीत नोकरीला. आई गेली तेव्हा ती अंगावर पिणारी पोर होती. घरात आईचा एकही फोटो नाही. ती एवढंच म्हणाली होती, "दादा, माय दिसत कशी होती, थे तरी कळू द्या."

आसगावच्या रोवण्याची, म्हणजे धानाच्या लावणीची, ही निगेटिव्ह एका निवृत्त कृषी अधिकाऱ्याकडे निघाली. त्या दिवशी तिची आई आणि मावशी दोघीही रांगेत होत्या, हे मावशीला पक्कं आठवत होतं.

निगेटिव्ह पॅनोरमिक. साध्या फ्रेमच्या जवळपास दुप्पट लांब, अख्खी बांधी, म्हणजे धानाचं खाचर, एका फोटोत. आधी ती फ्लॅटबेडवर घेतली. फ्लॅटबेड म्हणजे झेरॉक्स मशीनसारखी काच. लांब फिल्म आरामात मावते, पण जुनी फिल्म काचेवर वाकते आणि बारीक गोष्टी पुसट येतात. रांगेतल्या सगळ्या बाया वाकलेल्या, एकच उभी. मावशी म्हणाली, "थेच माही बहीन." पण तोंडाच्या जागी नुसता डाग.

मग माझा लाडका फिल्म स्कॅनर काढला. हा फक्त फिल्मसाठीच बनवलेला, त्यामुळे केस न् केस दिसतो. खोट एकच. होल्डरची खिडकी साध्या फ्रेमएवढी. पॅनोरमा दोन तुकड्यांत घ्यावा लागतो. ताईला चेहरा हवा होता, म्हणून मी चेहऱ्याचाच तुकडा घेतला. नाकातली फुली, ओठ जरा उघडे, सगळं लख्ख आलं.

"कॅमेऱ्याकडं पाहत असतील," मी म्हणालो.

"नाही जी. कडेले पाहून राहिली. आनि साऱ्या वाकल्या असताना मायच एकटी काहून उभी?"

मावशी शेजारी स्टुलावर होती. ती म्हणाली, "बाबू, पयलेचा लंबा फोटो दाखव बरं."

मी फ्लॅटबेडचा स्कॅन उघडला. दुसऱ्या टोकाला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोहाचं झाड, फांदीला काहीतरी लोंबतंय. मी ते वाळत घातलेलं लुगडं समजलो होतो.

"थे झोळी हाये," मावशी म्हणाली. "तू होतीस त्याच्यात. तू रडली का तुही माय कंबर सरळ करे. आमी वरडत होतो, रांग तुटते म्हनून. आयकते कोन!"

सुजाताताईचा बांध फुटला. "मले वाटे, मायनं मले धड पाह्यलंबी नसंन."

मला राहवेना. म्हटलं, दोन्ही तुकडे फिल्म स्कॅनरवर घेऊन जोडून देतो. पण सगळीकडे सारखंच पाणी, सारख्याच पाठी. सॉफ्टवेअर गोंधळलं आणि मधल्या एका बाईला दोन पाठी लावून मोकळं झालं. मी वैतागलो. हातानं जोडायला बसणार, तेवढ्यात ताई म्हणाली, "राहू द्या दादा. तो काचेवरचाच द्या."

"अहो, त्यात चेहरा पुसट आहे."

"असू द्या. तुमच्या चांगल्या फोटोत माय हवेत पाहते. याच्यात माह्याकडं पाहते."

लांब प्रिंट काढून दिली. तिनं आईच्या चेहऱ्यावरून नाही, त्या झोळीवरून हात फिरवला आणि फोटो मावशीच्या मांडीवर ठेवला.

आता पॅनोरमा आला की मी आधी अख्खा काचेवर घेतो. मग गिऱ्हाइकाला विचारतो, यातलं कोण पाहिजे. आणि स्कॅनर सुरू करण्याआधी, ते माणूस कुणाकडे बघतंय ते शोधतो.