पत्रिकेवरचा हरी

हुसेन भुजंग सूर्यवंशी असं नाव लावणारा माणूस हिंदू कसा, हे पन्नास वर्षांत इतक्या जणांनी विचारलं होतं की हुसेनला त्या प्रश्नाचा वीट आला होता. जळकोटात त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. नवं गिऱ्हाईक सलाम करायचं आणि भिंतीवरचा खंडोबा बघून गप्प व्हायचं. लातूरच्या लॉजवर आधार कार्ड तीनदा उलटसुलट करून बघायचे. दर वेळी यानं तीच टकळी चालवायची: आई दर्ग्याला नवस बोलली, मी झालो, म्हणून पिराचं नाव, मोहरमला अजून मलिदा नेतो. झालं समाधान? त्यात एका मौलवींनी सांगितलं, अरबीत हुसेन म्हणजे देखणा. तेव्हापासून बायको तोंडाला पदर लावून हसायची ती वेगळीच.

लेकीचं, अयोध्याचं, लग्न ठरलं. बिलोलीचे व्याही शिवमूर्ती हळूच म्हणाले, "पाव्हणं, पत्रिकेत तेवढं हरी टाका. हुसेनची अयोध्या वाचून आमचे लोक जेवायचं सोडून तेच विचारत बसतील."

"टाकतो," हुसेन म्हणाला. एकदाची कटकट मिटली, असंच त्याला वाटलं.

छापखान्यातून नमुना आला. शेंगा फोडत बसलेल्या आईला, कावेरीबाईंना, त्यानं तो वाचून दाखवला.

"हरी कोन?"

"मीच. लग्नापुरता."

म्हातारीचे हात थांबले. "तुज्या आधी दोन झाले व्हते. थोरला हरी, दुसरा नारायण. देवाचीच नावं ठिवली व्हती. दोगंबी वरसाच्या आत गेले. हरी गेला तवा तुजा बाप घरी नव्हता. म्याच पुरलं त्याला. मंग पिराला म्हनलं, आता तुजं नाव ठिवते, एवढं लेकरू राहू दे." तिनं पुन्हा शेंगा ओढल्या. "राह्यलास."

नवसाची गोष्ट हुसेननं हजारदा सांगितली होती. आईला नवस का करावा लागला, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःचाच भयंकर राग आला. त्यानं तिथंच व्याह्यांना फोन लावला.

"पत्रिकेत हुसेनच राहणार."

"अहो, लोक अर्थ विचारतील नावाचा!"

"मंडपाच्या दारात मी उभा हाय. माझ्याकडं पाठवा," हुसेन खेकसला. "सांगतो, हुसेन म्हणजे जगलेला."