आनंदरावांचं ‘कशावरून’

माझे भाऊजी आनंदराव नागपूरच्या एका कॉलेजात गणित शिकवायचे आणि घरी आल्यावरही थांबायचे नाहीत. गणित म्हणजे आकडेमोड नव्हे. ती त्यांना धड येत नसे, दुधाचा हिशेबसुद्धा माझी बहीण शोभाताईच करायची. त्यांचं सगळं गणित एका शब्दात मावायचं: कशावरून?

त्यांचे वडील गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, संपलं. भाऊजींनी विचारलं, कशावरून? डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी पुन्हा नाडी पाहिली. मग भाऊजी रडले.

माझं सीताबर्डीला कापडाचं दुकान. ‘रंग जाणार नाही’ असं मी दिवसभर म्हणत असतो, आणि रंग जातो. गिऱ्हाईक तरीही परत येतं. जग असंच चालतं, हे मी भाऊजींना कितीदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

चौऱ्याहत्तर साली भाचीचं, पुष्पलताचं, लग्न जमवायचं होतं. आधीची दोन स्थळं भाऊजींनीच घालवली होती. पहिल्या ठिकाणच्या बाईंनी सहज विचारलं, मुलीला स्वयंपाक येतो ना? भाऊजी म्हणाले, आजवर तिच्या हातचं जे खाल्लं ते चांगलं होतं, पुढचं सांगता येणार नाही. दुसऱ्यांनी विचारलं, घराण्यात कोणाला वेडबीड नाही ना? तर म्हणे, माहीत असलेल्यांत नाही. ती मंडळी चहा अर्धा टाकून उठली.

तिसरं स्थळ काटोलचं. मुलगा बँकेत होता, आणि ती मंडळी रविवारी मुलगी पाहायला येणार होती. पुष्पलताने त्याला एका मैत्रिणीच्या लग्नात पाहिलं होतं आणि तो तिच्या मनात भरला होता. ती दुकानात आली, थोडा वेळ उगाच लुगड्यांवरून हात फिरवत राहिली, आणि म्हणाली, “मामाजी, त्या दिवशी बाबाले घरी नका ठेवू.” बोलताना तिला रडू येत होतं. मला वाईट वाटलं, पण पोरीचं चुकत नव्हतं.

भाऊजींना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी मनात भांडणाची तयारी करून गेलो होतो. त्यांनी एकदाही ‘कशावरून’ म्हटलं नाही. घराजवळच, प्रतापनगरात, त्यांचे एक मित्र राहायचे, तिकडे जाऊन बसतो म्हणाले. रविवारी चपला घालून निघालेही.

पण पाहुणे लवकर आले आणि फाटकातच गाठ पडली. मुलाचे वडील गणपतराव संत्र्यांची टोपली घेऊन उभे. मुलीचा बाप घर सोडून कुठे निघाला म्हणून त्यांनी भाऊजींना हाताला धरून आत आणलं. मी कपाळाला हात लावला.

पोहे झाले. गणपतराव सांगू लागले की त्यांच्या बागेतलं प्रत्येक संत्रं गोड असतं. भाऊजींनी विचारलं, कशावरून? मी त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी आपला पाय बाजूला घेऊन विचारलं, सगळी खाल्ली का? गणपतराव म्हणाले, सगळी खाल्ली तर विकणार काय? मग माहीत नाही असं म्हणा, भाऊजींनी अगदी आपुलकीने सुचवलं. मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला आणि शोभाताईने डोळे मिटून घेतले.

गणपतरावांनी बशी खाली ठेवली.

“सर, तुमची पोरगी कशी आहे, ते तुमच्या तोंडून आयकाचं आहे मले.”

पुष्पलता चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारापर्यंत आली होती. ती तिथेच थांबली.

“चांगली आहे,” भाऊजी म्हणाले.

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. आजवर जेवढी पाहिली तेवढी, असं काहीतरी येणारच होतं. आलं नाही.

“कशावरून?” गणपतरावांनी विचारलं. व्यापारी माणूस, उधारी ठेवत नाही.

“कशावरूनच नाही,” भाऊजी म्हणाले. “भूमितीत पहिली दोन-चार वाक्यं सिद्ध कराची नसते, मानून घ्या लागते. मंग बाकीचं सारं त्याच्यावर उभं राहते. माह्या घरातलं पहिलं वाक्य हे आहे.”

गणपतरावांना यातलं ओ का ठो कळलं नाही. त्यांच्या बायकोला, कौसल्याबाईंना, कळलं असावं. त्या उठल्या, दारापाशी गेल्या आणि पुष्पलताच्या हातातला ट्रे स्वतः घेतला. स्थळ जमलं, हे इथेच सांगून टाकतो.

पाहुणे गेल्यावर भाऊजी ओसरीत संत्रं सोलत बसले होते. पुष्पलता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा रागावल्यासारखा होता.

“बाबा, हे मले आजवर काहून नाही सांगितलं?”

भाऊजींनी खरोखर विचार केला. मला या माणसाचा संताप आला होता.

“तू विचारलं नाही,” ते म्हणाले.