वंगण लावलेली नाव

देऊळघाटच्या इंद्रभान सुताराला विचारलं नाही तरी सल्ला द्यायची खोड होती. बैलगाडी घडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, हे खरं. पण म्हणून जगातली प्रत्येक लाकडी वस्तू आपल्यालाच कळते, असं त्याला वाटायचं. त्यातूनच चौसष्ट साली तुळशीराम भोयाची नाव कामातून जायची वेळ आली.

तुळशीरामचे शिंगाड्याचे तलाव दोन, नाव एकच. दर आठवड्याला ती बैलगाडीवर घालून इकडून तिकडे न्यावी लागे. वाटेत नावेचा कणा, म्हणजे तिच्या पोटाखालचं लांब जाड लाकूड, गाडीवर घासायचा. "घासते? मंग वंगण लाव ना बे, गाडीच्या आसाले लावतो तसं!" इंद्रभानने ऐटीत सांगितलं होतं.

वर्षभराने तीच नाव त्याच्या दारात पालथी पडली. वंगणाला तलावाची वाळू चिकटली होती आणि त्या वाळूने कानशीसारखा कणा खाल्ला होता. शिंगाडा दहा दिवसांत काढणीला येणार होता. नाव गेली तर सगळा माल पाण्यातच सडणार होता. तुळशीरामने वंगणाचा विषयही काढला नाही. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर इंद्रभानला बरं वाटलं असतं.

"जेवता जेवता काऊन उठले?" बायकोने, सोजराबाईने विचारलं.

"कणा आतपर्यंत गेला असन, तं नाव गेली," तो म्हणाला.

सकाळी त्याने वंगणाचा थर खरवडला आणि पटाशीने झिजलेलं, नरम लाकूड काढत गेला. बोटभर लाकूड गेलं, दोन बोटं गेलं. मग पटाशी खट्‌कन अडली. खाली टणक साग होता! इंद्रभान एकटाच हसत सुटला.

पुढचं काम त्याच्या हातचं होतं. त्याने सागाचं ठिगळ बसवलं, फटींत राळेत भिजवलेला कापूस ठासला. मग कण्याखाली बाभळीची पट्टी लाकडी खुंट्यांनी जडवली. आता झिजायचं ते पट्टीने, आणि झिजली की नवी लावायची. गाडीवर नावेखाली ठेवायला कडबा भरलेलं पोतंही दिलं.

"चढवायच्या आंधी वाळू धुजो," एवढंच तो तुळशीरामला म्हणाला.

नाव पाण्यात घातली तेव्हा तो स्वतः आत बसला, तळाला हात लावून. तुळशीराम वल्हवत तलावाच्या मध्यावर आला तरी इंद्रभानचा हात कोरडाच होता. त्याचे डोळे भरून आले.

"तुळशीराम, वंगणाचं म्याच सांगतलं होतं."

"मले काय मालूम नाही? धाड गावच्या सुतारानंही नाव नीट केली असती. पण त्याची झोप उडाली नसती. म्हणून तुह्याकडं आणली."

त्या दिवसापासून इंद्रभानची खोड मोडली, असं सांगायला मला आवडलं असतं. पण काठ यायच्या आतच तो वल्हं कसं धरावं हे समजावू लागला. तुळशीरामने मुकाट्याने वल्हं त्याच्या हातात दिलं आणि आपण ऐसपैस मागे रेलून बसला.